मुलगी देईन, पणजोबा देणार नाही

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना स्मरून मी, एर्मांगार्द, मोंसार्दच्या गढीचे धनी कै. ओद यांची विधवा, वय दिसते त्याहून थोडे जास्त, धंदा मुलाला शहाणपण शिकवणे (आजवर नफा नाही), राहणार मोंसार्द, मुलूख बर्गंडी, आज राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही धाकदपटशाला न भिता आणि नशापाणी न करता हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. लिहिणार आमच्या गावचे फादर आन्सेल. 'नशापाणी' हा शब्द लिहिताना फादर थबकले आणि माझ्या प्याल्याकडे बघू लागले. तो खोकल्याचा काढा आहे. त्यात द्राक्षं पडली, त्याला मी काय करू?

मी जे बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, असा आमचा करार आहे. 'बाईसाहेब, असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत,' असं फादर म्हणाले, तर तेही लिहायचं. आताच म्हणाले. लिहा.

कलम पहिले : देह व आत्मा. आत्म्याची काळजी देवाने घ्यावी. देह अजून ठणठणीत आहे, हे ऐकून काही जणांचा विरस होईल. मी मरत नाहीये. येत्या मेणबत्त्यांच्या सणाला मी गावच्या चर्चला लागून असलेल्या मठात संन्यास घेणार आहे. मठाची ओढणी डोक्यावर घेतलेली बाई जगाला मेली, असं आमच्या मुलखात धरतात. त्याच दिवशी तिचं मृत्युपत्र चर्चमध्ये मोठ्याने वाचतात आणि वारसांना वाटप होतं. म्हणजे मेल्यावर कोण काय बोलतं, हे मला जिवंतपणी ऐकायला मिळेल. मठाच्या एका खोलीची खिडकी बरोबर चर्चच्या दारासमोर उघडते. आमच्याकडे लग्नं चर्चच्या दारातच लागतात. ती खोली मी मागून घेतली आहे. का, ते पुढे येईल.

कलम दुसरे : किरकोळ जंगम मालमत्ता. खारीच्या कातड्याचं अस्तर लावलेला माझा झगा स्वयंपाकीण माओ हिला द्यावा. तो ती गेल्या हिवाळ्यापासून घालतेच आहे. चोरीचं दान व्हावं आणि तिच्या जिवाला पाप लागू नये, एवढाच या कलमाचा हेतू. माझा कुत्रा माझ्याबरोबर येईल. मठात कुत्रे चालत नाहीत, असं मठाच्या थोरल्या बाईंनी कळवलं आहे. पण तो निरोप घेऊन आलेली जोगीण अंगावरचे कुत्र्याचे केस झटकत होती.

माझा भाऊ ह्यूग याला मी काहीही ठेवत नाही. काही मिळण्याजोगं त्याने आजवर केलेलं नाही. माझा मुलगा गोतिए पहिल्यांदा सरदारी शस्त्रं लेऊन सगळ्या मुलखादेखत घोड्यावर चढला आणि पलीकडच्या बाजूने खाली उतरला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसलेला माणूस म्हणजे हा ह्यूग. तेव्हापासून गोतिएला मामाचं नावही खपत नाही. ही गोष्ट वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे लागणार आहे.

कलम तिसरे : भिंतीवरचा भरतकामाचा पडदा. हा मी मुलगा गोतिए यास देते, कारण रोज सकाळी तो त्याच्यापुढे उभा राहून क्रुसाची खूण करतो. पडद्यावर आमच्या घराण्याचे मूळपुरुष थोरले रागोबेर हे ड्रॅगनला मारताना दाखवले आहेत. रागोबेरांनी ड्रॅगनला चर्चच्या घंटेच्या लोलकाने मारलं, असं घराण्यात सांगतात. भरतकाम माझं. मी नवी नवरी होते आणि घंटेचा लोलक मी जवळून पाहिलेला नव्हता, त्यामुळे रागोबेर ड्रॅगनच्या डोक्यात बोकडाची तंगडी घालताना दिसतात. पाहुण्यांनी विचारलं तर 'जुनी पद्धत' असं सांगावं.

कलम चौथे : मोहरी वाटायचं दगडी जातं. दिंडीदरवाज्याजवळ ज्या दगडावर पाय देऊन सगळे घोड्यावर चढतात, तो चढायचा दगड नव्हे. ते जातं आहे. ते मी माझी नात, गोतिएची लेक आएलिस, हिला देते.

हे कलम चर्चमध्ये वाचताना फादरनी काय करायचं, ते नीट ऐका. गोतिएला हे मृत्युपत्र आदल्या दिवशी एकट्याला दाखवावं. तो शहाण्यासारखा वागला, तर दुसऱ्या दिवशी इथून पाचवं कलम संपेपर्यंत फादरनी खोकत राहावं. नाही वागला, तर खणखणीत आवाजात वाचावं, आणि मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल तर पुन्हा वाचावं.

तर हे जातं माझ्या आजेसासऱ्यांचं, गिरो मोहरीवाल्यांचं. मोहरी वाटायची, कच्च्या द्राक्षांच्या आंबट रसात कालवायची, गाढवावर मडकी लादायची आणि गावोगाव विकायची, हा त्यांचा धंदा. एका हिवाळ्यात तेव्हाच्या ड्यूकसाहेबांचं नाक असं चोंदलं, की वैद्य झाले, नवस झाले, संतांच्या अस्थी नाकाला लावून झाल्या. शेवटी मुदपाकखान्यातून गिरोबांची मोहरी आली. ड्यूकसाहेबांनी एक चमचा खाल्ला, टाहो फोडला, आणि मग नाकाने श्वास घेऊन ढसाढसा रडले. त्या आनंदात त्यांनी गिरोबांना ही टेकडी दिली. अशी आमची गढी उभी राहिली. ड्रॅगन कोणी पाहिलाय? नाक सगळ्यांना असतं. मला तर हा पराक्रम थोर वाटतो.

माझे यजमान ओद यांना वाटत नव्हता. दरबारात बाकीचे सरदार मूळपुरुष सांगू लागले की आमचे हे बुटांकडे बघत बसायचे. तेवढ्यात दारी एक भाट आला. एका डोळ्याने अधू, जिभेने मात्र धडधाकट. ह्यांनी त्याला जेवू घातलं, लंगडं खेचर दिलं, आणि दुपारच्या पंगतीत त्याने थोरल्या रागोबेरांचा पोवाडा गायला. पंगतीत माझे सासरेबुवा जेवत होते. आपला बाप कोण, हे त्यांना त्या पंगतीत कळलं.

"अरे ओद," ते घास हातात धरून म्हणाले, "माझा बाप तर मोहरी विकायचा रे. ड्रॅगन कुठला? गाढवाला भ्यायचा तो."

"बाबा," हे म्हणाले, "तुम्ही जेवा."

सासरेबुवा जेवले. त्या दिवसापासून ते मोहरी मागताना खालच्या आवाजात मागू लागले. मला त्यांची फार दया यायची. माणसाचा बाप त्याच्या ताटावरून उचलून नेतात, याहून वाईट चोरी मी पाहिलेली नाही.

(खोकला थांबवू नये, पुढचं कलमही तसंच.)

कलम पाचवे : नात आएलिस. हिच्यासाठी हे सगळं मृत्युपत्र आहे, बाकीची कलमं तोंडी लावायला.

आमच्या गढीतून निघालेला तो भाट दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून बेल्कोतच्या गढीत जेवायला गेला. एकच बैल दोन बाजारांत विकावा, तसे त्याने थोरले रागोबेर तिथेही विकले. फक्त लोलकाच्या जागी बैलाचं जू घातलं. तिथल्या धन्याला मुलगा नव्हता, एकच मुलगी, पेत्रोनिल. तिने पुढे घरजावई करून घेतला आणि गढी स्वतःच चालवली. पुढे ड्यूकसाहेबांच्या दरबारात पुकारा झाला, "रागोबेरांचे वंशज पुढे या!" तर इकडून आमचे हे आणि तिकडून पेत्रोनिलचा बाप, दोघंही एकदम उठले.

एकमेकांना खोटं म्हणावं, तर भाटाला बोलावणं येणार आणि दोघांचीही अब्रू जाणार. म्हणून दोघांनी जागच्या जागी एकमेकांना भाऊबंद मानलं आणि लगेच भांडायला सुरुवात केली. आम्ही म्हणायचं आमची थोरली पाती, त्यांनी म्हणायचं त्यांची. आम्ही लोलकाची शपथ घ्यायची, त्यांनी जुवाची. चर्चमधल्या पहिल्या बाकावर कोणी बसायचं, प्रसादाचा पाव आधी कोणाला, इथपर्यंत ते आलं. बाक एकच असल्यामुळे पेत्रोनिल आणि मी उभं आयुष्य एकमेकींच्या कोपराला कोपर लावून बसलो. थेट बोलणं नाही. "फादर, त्या बाईंना सांगा, त्यांचा झगा माझ्या पायाखाली आहे." "फादर, त्या बाईंना सांगा, पाय त्यांचा आहे, त्यांनीच उचलावा." फादर आन्सेलनी अर्धी प्रार्थना आमचे निरोप पोचवण्यात घालवली. ते आत्ताही मान डोलावत आहेत.

आणि आता पेत्रोनिलचा नातू तिबो आणि माझी आएलिस यांना लग्न करायचं आहे.

पोरगा चांगला आहे. डोक्याने फार जड नाही, पण मनाने साफ. आएलिस माझ्या पाणचक्कीचा कारभार बघते, म्हणून हा गढीचा वारस रोज पसाभर गहू घेऊन दळायला यायचा. पसाभर! चक्कीवाला शेवटी म्हणाला, "सरकार, एवढं तर आम्ही उंदरांना सोडतो." मग तो कुंपणावरून नासपत्या फेकू लागला. एक फादरच्या टाळक्यात बसली. आएलिस हसली, आणि मला कळलं की आता हे काही थांबत नाही.

थांबवलं ते रागोबेरांनी. धर्माचा नियम असा, की चार पिढ्यांच्या आत मूळपुरुष एक निघाला तर लग्न नाही. बिशपसाहेबांच्या कारभाऱ्यांनी बोटं मोजली. आएलिस, गोतिए, ओद, ओदचे वडील, की वर रागोबेर. तिबोचंही तसंच. नेमके चार. आमच्या ह्यांनी रागोबेरांना स्वतःचे आजोबाच करून घेतले होते ना! लांबचा पूर्वज कोणालाही असतो, आजोबांचा रुबाब थेट अंगावर येतो, असं त्यांचं म्हणणं. थापच मारायची होती तर जरा लांबची मारायची. आणखी दोन पिढ्या मागे ढकललं असतं, तर माझ्या नातीच्या लग्नाची बदकं आत्तापर्यंत भाजून झाली असती.

दोन्ही घराण्यांच्या जाणत्यांनी शपथेवर सांगितलं की हे नातं नाही, तर लग्न लागेल, असंही कारभारी म्हणाले. मी गोतिएकडे गेले. तो पडद्यापुढेच उभा होता.

"बाळा, एवढं सांगून टाक. पोरीचं भलं होईल."

"आईसाहेब," तो म्हणाला, "तिबो मला आवडतो. मुलगी देईन, पणजोबा देणार नाही."

"अरे, पण पणजोबा आणला कुठून ते मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"श्श!" त्याने रागोबेरांचे कान झाकावेत तसे पडद्यावर हात धरले. "त्यांच्यासमोर काय बोलता?"

आणि त्याने आएलिससाठी डोंगरापलीकडचा बॅरन फुल्क शोधला. फुल्कचं इकडे कोणाशीच नातं नाही, आणि त्याच्याशी एकदा बोललं की का नाही ते कळतं. कानाने बहिरा, आणि पहिल्या बायकोचं नाव तोंडात असं बसलेलं, की पुढच्या सगळ्यांना त्याच नावाने हाक मारतो. लग्न ईस्टरनंतर. आएलिस मला म्हणाली, "आजी, तिकडे मला कोणी आएलिस म्हणणारच नाही." एवढंच म्हणाली आणि चक्कीवर निघून गेली. ती रडत नाही, तेच मला सोसवत नाही. नसलेल्या म्हाताऱ्यापायी असलेली पोर द्यायची नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. (खोकला इथे थांबवावा.)

कलम सहावे : पाणचक्की आणि मासळीचं तळं. ही माझी माहेरची मिळकत. उपासाच्या महिन्यांत सगळ्या टापूला मासळी याच तळ्याची आणि बारा महिने पीठ याच चक्कीचं, त्यामुळे गोतिएचा डोळा तिच्यावर आहे. तो असावाही, त्याचंच आहे. सदर चक्की व तळं मी मुलगा गोतिए यास देते. अट अशी, की आएलिसचं तिबोशी चर्चच्या दारात लग्न लागेल, त्याच दिवशी त्याच दारात चक्कीची किल्ली फादरनी गोतिएच्या हातात ठेवावी. चक्कीचा कारभार आएलिसकडेच राहावा, कारण गोतिएला गहू आणि सातू यांतला फरक पीठ झाल्यावर कळतो.

लग्न न झाल्यास, किंवा हे मृत्युपत्र कोणीही कोणत्याही कारणाने खोटं पाडल्यास, माझ्या बापाने लग्नाच्या करारात घातलेली अट लागू होईल : एर्मांगार्द योग्य मृत्युपत्राविना जगाला मेली, तर चक्की आणि तळं माहेरी परत. माहेरी आता एकच माणूस आहे. ह्यूग. गोतिएने दर शुक्रवारी मामाकडे मासा मागायला जावं आणि मामाने घोड्याची आठवण काढावी, असं मला वाटत नाही. पण माझ्या वाटण्याने काय होतं? कायदा आहे.

कलम सातवे : चर्चमधील बाक. पहिल्या बाकावरचा माझा अर्धा हक्क मी बेल्कोतच्या पेत्रोनिलला देते. तिने आता ऐसपैस पसरून बसावं. पाव आधी तिला. तिला तिथे एकटीला करमणार नाही, याची मला खात्री आहे, आणि मलाही मठात करमणार नाही. हे कलम फादरनी खोकल्याशिवाय वाचावं.

कलम आठवे : साक्षीदार. आमच्या मुलखाच्या रिवाजाप्रमाणे मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, पैकी एक गढीचा धनी किंवा धनीण. दोघांनीही संतांच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवून शपथ घ्यायची, की मृत्युपत्र करणारीशी आणि तिच्या वारसांशी आपलं रक्ताचं नातं नाही. नातं निघालं, तर मृत्युपत्र रद्द.

इथवर वाचून गोतिए पुढचं पान आधी उलटेल. उलटू दे. साक्षीदार कोण, ते त्याने बघून घ्यावं.

मी काल माझ्या पायांनी ओढा ओलांडून बेल्कोतला गेले. पेत्रोनिल बागेत नासपत्या वेचत होती. फादर बरोबर होते. सवयीने तिने त्यांच्याकडे बघून विचारलं, "फादर, या बाई वाट चुकल्या का?"

"अगं, माझ्याशी बोल," मी म्हटलं. "मला साक्षीदार हवीय. तुझं माझ्या घराण्याशी काही नातं नाही, असं शपथेवर लिहून देशील?"

तिने परडी खाली ठेवली. "तुझ्या घराण्याशी माझं काही नातं नाही, हे लिहून द्यायला मी मुलगी होते तेव्हापासून तयार आहे. कोणी विचारलंच नाही."

"आणि रागोबेर?"

"आमचे जू वापरायचे. तुमचे?"

"लोलक."

"मग?" ती म्हणाली. "जूवाला वेगळा, लोलकवाला वेगळा. इतकी वर्षं दोन्ही घराणी हेच तर ओरडून शपथेवर सांगतायत. दोन माणसं, दोन ड्रॅगन. भाऊबंद कसले?" मग ती माझ्या शेजारी बसली, आणि सवयीने कोपर मारलं. "तिबो जेवत नाहीये गं," ती म्हणाली. "नुसता गहू मोजत बसतो."

फादर म्हणाले, हे धर्माला धरून आहे का, ते बघायला लागेल. मी म्हटलं, बघा, पण सही झाल्यावर.

सबब गोतिए, बाळा, नीट ऐक. तुझे रागोबेर मी तुझ्यापासून घेतलेले नाहीत. त्यांना पडद्यावर सुखाने राहू दे, तंगडीसकट. बेल्कोतची शपथ या मृत्युपत्रात झाली आहे, आणि तुझं गप्प बसणं ही आपल्या घराण्याची कबुली; बिशपसाहेबांच्या कारभाऱ्यांना लग्न लावायला एवढं पुरे. तुला फक्त एवढंच ठरवायचं आहे. चर्चमध्ये उठून 'ही साक्षीदार आमच्या रक्ताची आहे' असं म्हणालास, तर चक्की ह्यूगमामाची. गप्प बसलास, तर चक्की तुझी, पणजोबा तुझे, आणि मुलगीही ओढ्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. तू वाईट नाहीस रे. लहानपणी तू आजोबांच्या मांडीवर बसून मोहरी चाटायचास आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी मागायचास. तो तुझा खरा वारसा. त्याची लाज वाटून घेऊ नकोस.

(मागचं शेवटचं वाक्य वाचताना फादरनी थोडंसं खोकावं.)

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी ऐकलं, समजलं आणि मला पसंत पडलं. प्याला रिकामा आहे, तरी अक्कल शाबूत आहे. स्थळ मोंसार्द, गढीची पुढली ओसरी. संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, ख्रिस्तवर्ष बाराशे एकेचाळीस.

सही व मोहोर : एर्मांगार्द

लेखक : आन्सेल, गावचा पाद्री. बाईसाहेबांनी सांगितलं ते लिहिलं. माझ्या टाळक्याला लागलेली नासपती मोठी होती, एवढं माझ्यातर्फे नमूद करतो.

साक्षीदार पहिला : गेरँ, गावचा लोहार. नातं नाही. गढीतल्या कोणाशीच नाही, देवाची कृपा.

साक्षीदार दुसरी : मी, पेत्रोनिल, बेल्कोतच्या गढीची धनीण, पवित्र अस्थींवर हात ठेवून शपथेवर लिहून देते, की मोंसार्दच्या एर्मांगार्दशी किंवा तिच्या मुलाबाळांशी माझं वा माझ्या रक्तातल्या कोणाचंही नातं नाही, कधीही नव्हतं. हे लिहिताना मला आयुष्यात झाला नाही एवढा आनंद होतो आहे. नातं ईस्टर झाल्यावर, चर्चच्या दारात जुळेल. तेव्हा समोरच्या खिडकीत एर्मांगार्द दिसली नाही, तर मी मठाचं दार जुवाने फोडीन. आमच्या घराण्यात ती रीत आहे.